छोट्या ग्लो इंजिनाचा थ्रॉटल : खाली ठीक, वर ठीक, मधेच मान टाकतं

बाल्सा_बोरिवली
शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, डोकं फिरायची वेळ आली म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे अडीच सीसीचं (०.१५ घन इंच) एक जुनं ग्लो इंजिन (ठिणगीऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगवर चालणारं) आहे. वापरलेलंच घेतलं, त्यामुळे सोबत कागद-बिगद काही नाही. चार फुटी पंखांच्या बाल्साच्या ट्रेनरवर बसवलंय. ८×४ चा प्रॉप (पंखा : व्यास ८ इंच, पिच म्हणजे एका फेरीत पुढे सरकायचं अंतर ४ इंच), इंधन म्हणजे ८० टक्के मेथनॉल आणि २० टक्के एरंडेल. नायट्रो (नायट्रोमिथेन) अजिबात नाही.

गेल्या रविवारी बदलापूरच्या पुढे, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत उडवलं. (मुंबईत उडवायचं नावच नको. विमानतळाचा पट्टा आहेच, शिवाय ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवरची छोटी विमानं यांच्यावर पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघत असतात.) टेकऑफ झकास. पाच-सहा मिनिटं मजेत फिरवलं. उतरायला आणलं, थ्रॉटल खाली घेतला, इंजिन मस्त पुटपुटत होतं. जरा लांब जातंय, पुढे बांध आहे असं दिसलं म्हणून परत वर घ्यायला थ्रॉटल दिला. इंजिनाने ब्लब-ब्लब करत पांढरा धूर सोडला आणि गप्प. विमान थेट बांधावर. पुढचं चाक गेलं, प्रॉप गेला आणि म्हशी राखणाऱ्या दोन पोरांसमोर इभ्रतही गेली.

घरी येऊन दोन-तीन व्हिडिओ बघितले. धूर म्हणजे आयडल (थ्रॉटल मिटलेला असतानाची मंद चाल) रिच, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त, म्हणून ‘लो-एंडचा स्क्रू पाव आटा आत घ्या’. घेतला. आणखी बिघडलं. आणखी पाव आटा घेतला. आता तर ग्लोची क्लिप (सुरू करताना प्लगला बॅटरीची वीज देणारी) काढली की आयडललाच बंद पडतं. फुल थ्रॉटलला मात्र क्लिप काढूनही खणखणीत.

इंजिन गेलं का माझं? की कार्ब (कार्ब्युरेटर) बदलू?

नायट्रोबाबा
रविवार, सकाळी ७:०५

नायट्रो नाही म्हणताय तिथेच उत्तर आहे. १५ टक्के घाला, आयडल लोण्यासारखा होईल. एवढ्या छोट्या इंजिनाला नुसतं मेथनॉल म्हणजे उपाशीपोटी शाखेत पाठवल्यासारखं आहे.

गिरणगावचा_फिटर
रविवार, सकाळी ८:२०

बाबा, आधी रोग्याची नाडी तरी बघा. फुलला खणखणीत चालतंय म्हणजे कॉम्प्रेशन आणि मोठी नीडल (फुल थ्रॉटलचं इंधन ठरवणारा स्क्रू) दोन्ही जागेवर आहेत. बिघाड खालच्या टोकाला आहे.

एरंडेल
रविवार, सकाळी ९:१५

बाल्साराव, कार्ब बदलू नका, इंजिनही फेकू नका. एकच सांगा. तो छोटा स्क्रू नक्की कुठे आहे?

अ) मोठ्या नीडलच्या समोरच्या बाजूला, ज्या दांडीला थ्रॉटलचा हात लागतो तिच्या बरोबर मध्यात?
ब) की कार्बच्या अंगावर, पुढच्या बाजूला, आणि त्याच्याजवळ एक बारीक भोक आहे?

दुसरं, थ्रॉटलचा हात फिरवताना आतलं बॅरल (हवेची वाट उघडणारा-मिटणारा भोकाचा गोल तुकडा) नुसतं गोल फिरतं, की फिरता फिरता थोडं आडवंही सरकतं?

बाल्सा_बोरिवली
रविवार, सकाळी ९:५०

ब. पुढे एक टाचणीच्या डोक्याएवढं भोक आहे आणि स्प्रिंग घातलेला स्क्रू त्या भोकात आडवा येतो. बॅरल नुसतं फिरतं, सरकत नाही.

एरंडेल
रविवार, सकाळी १०:४०

मग तुम्ही आठवडाभर उलटी दिशा पिळत होतात. तुमची चूक नाही, व्हिडिओवाला दुसऱ्याच जातीच्या कार्बबद्दल बोलत होता. हे जरा सविस्तर लिहितो, कारण वर्षातून एकदा तरी कुणीतरी याच खड्ड्यात पडतं. मीही पडलोय.

थ्रॉटल म्हणजे आपण हवेची वाट अरुंद करतो, एवढंच. बॅरल मिटत आलं की हवा कमी होते, पण इंधन त्याच प्रमाणात कमी होत नाही. उलट त्या फटीतून क्रँककेसची ओढ जोरात लागते आणि जेटमधून (इंधन येतं त्या बारीक तोंडातून) इंधन हवेच्या मानाने जास्तच येतं. म्हणजे नुसतं बॅरल मिटलं तर मिक्श्चर आपोआप रिच होणार. ते आयडलला पुन्हा ताळ्यावर आणायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग, इंधन कापा. दोन नीडलवाल्या कार्बमध्ये बॅरल मिटताना तिरक्या खाचेमुळे आत सरकतं आणि दुसरी बारीक नीडल जेटच्या तोंडात शिरते. ही नीडल आत पिळली की हवेच्या मानाने इंधन कमी, म्हणजे लीन.

दुसरा मार्ग, हवा वाढवा. यालाच एअर-ब्लीड म्हणतात आणि तुमचा कार्ब हाच. बॅरल मिटत आलं की त्या पुढच्या भोकाचा रस्ता उघडा होतो आणि थोडी जादा हवा आत जाते. स्क्रू आत पिळला की भोक बुजतं, हवा कमी, म्हणजे रिच. बाहेर काढला की लीन.

तेच बोट, तीच दिशा, परिणाम बरोबर उलटा. तुमचं आयडल आधीच रिच होतं, तुम्ही अर्धा आटा आत घेऊन भोक जवळजवळ बंद केलंत. आयडलला केसमध्ये कच्चं इंधन साठत राहतं. थ्रॉटल दिलात की ते सगळं एकदम वर येतं, प्लग भिजतो आणि विझतो. क्लिप लावलेली असताना बाहेरची वीज प्लगची तार तापवत राहते म्हणून चालतं. क्लिप काढली की मेलं.

आता दुरुस्ती. आधी वरचं टोक लावा, मगच खालचं, कारण मोठी नीडल हलली की आयडलही हलतं. फुल थ्रॉटलला नीडल हळूहळू आत घेत जा, आवाज चढत जाईल. चढायचा थांबला की दोन-तीन टिचक्या (नीडल फिरवताना लागणारे टक-टक टप्पे) बाहेर या. मग इंधनाची नळी चिमटीत क्षणभर दाबून सोडा. आवाज किंचित चढून खाली आला तर ठीक. दाबल्याबरोबर मान टाकली तर लीन आहे, नीडल आणखी बाहेर.

मग खाली या. एअर-ब्लीड आधी इतका बाहेर काढा की अर्धं भोक दिसेल. आयडलला दहा-पंधरा सेकंद ठेवा आणि परत तीच चिमटी. इथे नळी दाबून धरायची. आवाज दोन-तीन सेकंदांत थोडा चढून बंद पडला तर बरोबर. खूप वेळ चढतच राहिला तर अजून रिच, स्क्रू बाहेर. न चढताच पटकन मेलं तर लीन, स्क्रू आत. एका वेळी आट्याचा आठवा भाग, जास्त नाही. आणि हात प्रॉपच्या मागूनच न्यायचा. पुढून वाकून स्क्रू पिळणाऱ्यांची बोटं मी पाहिली आहेत.

गिरणगावचा_फिटर
रविवार, सकाळी ११:१०

वा एरंडेल, दंडवत. ज्यांनी कधी यामाहा आरएक्स-१०० चा कार्ब उघडला असेल त्यांना एका ओळीत : हा आपला एअर स्क्रूच. ‘दीड आटा बाहेर’ म्हणायचे ना मेकॅनिक, तोच. आत पिळला की गाडी धूर ओकायची.

ठाकुर्ली_स्लो
रविवार, सकाळी ११:३२

वाचनखूण साठवली. मी तर इतके दिवस दोन्ही कार्बना ‘लो-एंड’ असंच एक नाव देऊन चालत होते.

बॅटरीवाला
रविवार, दुपारी १२:०१

एवढा खटाटोप कशाला? ब्रशलेस मोटर, ईएससी (मोटरची गती सांभाळणारं सर्किट), लिपो बॅटरी. स्टिक जिथे तिथे जोर. ना धूर, ना एरंडेल, ना चिमटी.

डिझेलकाका
रविवार, दुपारी १२:४५

बॅटरीवाले, तुमचं सगळं खरं आहे. पण मला सांगा, लिपोला वास येतो का? (आलाच तर पळा.)

धागा वाचून एनसीसीच्या एअर विंगचे दिवस आठवले. आमच्या वेळी कंट्रोल-लाइन. हातात हँडल, दोन तारा, विमान आपल्याभोवती गरगर. इंजिन डिझेल, म्हणजे ईथर, रॉकेल, एरंडेल. प्लगच नाही, वरचा कॉम्प्रेशनचा स्क्रू पिळायचा. थ्रॉटल हा शब्दच नव्हता. सुरू झालं की टाकी संपेपर्यंत फुल. उतरायचं कधी ते इंजिन ठरवायचं, आपण फक्त चक्कर न येता उभं राहायचं. विमानवाहू जहाजावर उतरायची नक्कल करणारा एक कंट्रोल-लाइनचा खेळ बाहेर आहे, त्यात गती कमी करावी लागते म्हणून थ्रॉटलसाठी तिसरी तार असते. आम्हाला दोनच सांभाळता सांभाळता घाम फुटायचा.

म्हणून बाल्साराव, बांधावर आपटलात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. थ्रॉटल आहे म्हणून तर ‘परत वर घेऊ’ असं सुचलं.

नायट्रोबाबा
रविवार, दुपारी १:३०

एरंडेल यांचं निदान मान्य. पण माझा मुद्दा पूर्ण खोडून काढू नका. नायट्रोने छोट्या इंजिनाचं आयडल सुधारतं हे खोटं आहे का?

एरंडेल
रविवार, दुपारी २:५५

खोटं अजिबात नाही. इंजिन जितकं छोटं तितकी ती गरज मोठी, आणि त्याचं कारण मजेशीर आहे.

ग्लो इंजिनात ठिणगी नसते. प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक तार असते आणि मेथनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथे आपोआप उष्णता निर्माण होते. अमेरिकेत रे आर्डेनने १९४७-४८ च्या सुमारास हे प्लग बाजारात आणले आणि मॉडेलवाल्यांचं कॉइल-कंडेन्सरचं ओझं एका फटक्यात उतरलं. पण तार तापलेली राहायला हवी. फुलला स्फोटावर स्फोट होतात, तार लाल राहते. आयडलला दोन स्फोटांमधलं अंतर वाढतं, मिक्श्चर थोडं, उष्णता थोडी. त्यात अडीच सीसीच्या इंजिनाला आतल्या आकारमानाच्या मानाने धातूचा पृष्ठभाग फार. सगळी ऊब तो खाऊन टाकतो. चहा मोठ्या पातेल्यात गरम राहतो, कटिंगच्या ग्लासात तीन घोटांत गार होतो, तसं.

म्हणूनच साडेसात सीसीचं ०.४६ आळशासारखं दोन-अडीच हजार फेऱ्यांवर तासभर पुटपुटेल. ०.१५ कडून तीन हजारांच्या खालची अपेक्षा ठेवू नका. ‘माझ्या मित्राचं इतकं हळू चालतं, माझं का नाही’ यात निम्मे लोक आयडल उगाच खाली ओढतात आणि हवेत बंद पाडतात. चाकांवर विमान जागचं हलत नाही एवढी गती कमी असली की पुरे.

तर नायट्रोने मदत होते. पण महाग, मिळायला कटकट. त्याआधी फुकटचे उपाय : नायट्रो नसेल तर जरा ‘हॉट’ जातीचा प्लग, आणि शक्य असेल तर आयडल-बारवाला. त्याच्या तोंडावर एक पट्टी असते, ती थ्रॉटल देताना उडणारे इंधनाचे थेंब तारेवर पडू देत नाही. आणि प्रॉप व्यासाने मोठा, पिचने कमी. तो फिरत्या चाकाचं काम करतो आणि दोन स्फोटांमध्ये गती टिकवतो. ८×४ योग्यच आहे, ७×६ लावून आयडल शोधू नका.

पाऊण_सीसी
रविवार, सायंकाळी ६:१०

रुमाल टाकून बसलो होतो, आता विचारतोच. माझ्याकडे मामांनी अमेरिकेतून आणलेलं कॉक्स ०.०४९ आहे. त्याला कार्ब-बॅरल काहीच नाही, मागे टाकी आणि एक नीडल. याला थ्रॉटल बसतो का?

एरंडेल
रविवार, सायंकाळी ६:४८

बसतो, पण तोंडाला नाही, शेपटीला. त्या इंजिनांसाठी सिलिंडरभोवती फिरणारी एक कडी मिळायची, जी एक्झॉस्टची खिडकी झाकते. बाहेर जायची वाट अडली की जळालेला वायू आतच राहतो, ताजं मिक्श्चर कमी येतं, जोर उतरतो. तो गरम वायू आत राहिल्यामुळे प्लगही थंड पडत नाही. त्या एवढ्याशा पत्र्यामागे बराच विचार आहे. साठच्या दशकातल्या मोठ्या आरसी इंजिनांनाही कार्बच्या बॅरलला जोडलेली एक्झॉस्टची झडप असायची, ती याच कारणाने.

फक्त फार अपेक्षा नको. ‘जोरात’ आणि ‘जरा कमी जोरात’ एवढंच मिळेल. उतरताना सरळ टाकी संपू द्या.

डिझेलकाका
रविवार, सायंकाळी ७:०२

म्हणजे पुन्हा आमच्याच रांगेत. या, बसा.

बाल्सा_बोरिवली
बुधवार, रात्री १०:२०

अपडेट देतो.

सोसायटीच्या गच्चीत चालवायचा विचार होता, सेक्रेटरींचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि रद्द केला. अंबरनाथच्या एमआयडीसीत मित्राचा गाळा आहे, तिथे कामगारांची सुट्टी झाल्यावर इंजिन शिकंज्यात नव्हे (ते एकदा करून केस वाकवलंय), लाकडी फळीवर बोल्टने बसवलं.

एरंडेल म्हणाले तसंच. आधी मोठी नीडल, मग एअर-ब्लीड अर्धं भोक दिसेल इतका बाहेर. पहिल्याच खेपेला क्लिप काढून आयडल टिकलं! मी गाळ्यात नाचलो. चिमटीला आवाज जरा जास्तच वेळ चढत होता, म्हणून आणखी थोडा बाहेर काढला. आता दोन-तीन सेकंद चढतं आणि मरतं. वीस सेकंद आयडलला ठेवून थ्रॉटल दिला तर थोडं अडखळतं, पण घेतं.

दोन गोष्टी अजून खटकतात. एक, आयडल दर वेळी एकसारखं येत नाही. कधी ३००० च्या आसपास, कधी उगाच वर. दुसरं, फळी उचलून नाक आभाळाकडे केलं की फुल थ्रॉटलला आवाज बसतो आणि बंद पडायला येतं.

गिरणगावचा_फिटर
बुधवार, रात्री १०:५०

आयडल कधी वर कधी खाली म्हणजे कुठून तरी चोरटी हवा आत जातेय. इंजिन आयडलला ठेवा आणि कार्बच्या मानेभोवती, जिथे तो केसमध्ये बसतो तिथे, एरंडेलाचा एक थेंब सोडा. आवाज बदलला की तिथेच गळती. मानेखालची ओ-रिंग कडक होऊन चिरलेली असते. नागदेवी स्ट्रीटवर त्या मापाची रिंग चहाच्या किमतीत मिळेल, फक्त जुनी सोबत न्या आणि इंधनात टिकेल अशी मागा. मागच्या झाकणाचे चार स्क्रूही कसून बघा, आडवे-तिडवे एकाआड एक.

एरंडेल
बुधवार, रात्री ११:१५

+१. नाक वर केल्यावर आवाज बसतो तो टाकीचा प्रश्न. टाकीचा मध्य जेटच्या उंचीवर किंवा पाऊण-एक सेंटिमीटर खाली हवा. आणि टाकी इंजिनाच्या जितकी जवळ तितकं चांगलं, कारण नाक वर गेलं की इंधन तेवढं अंतर उंच चढवावं लागतं. या इंजिनांना पंप नसतो, ओढूनच घ्यायचं.

सायलेन्सरमधून टाकीला प्रेशरची नळी दिली आहे का? नसेल तर द्या. सायलेन्सरमधलं थोडं प्रेशर टाकीवर बसतं आणि इंधन ढकललं जातं. त्यानंतर मोठी नीडल परत लावावी लागेल, बहुतेक थोडी आत. आणि टाकीभोवती स्पंज गुंडाळा. नुसती लाकडाला चिकटवलेली टाकी थरथरली की इंधनाला फेस येतो, आणि फेस म्हणजे हवा.

बाल्सा_बोरिवली
बुधवार, रात्री ११:३०

प्रेशरची निप्पल सायलेन्सरवर आहे, पण आधीच्या मालकाने तिच्यात स्क्रू ठोकून ठेवलाय. टाकी फायरवॉलला (इंजिनामागच्या फळीला) डबल टेपने चिकटवली होती. आता कळलं.

ठाकुर्ली_स्लो
गुरुवार, सकाळी ८:४० (ट्रेनमधून)

इंजिनाचं बाकीच्यांनी बघितलंय, मी सर्व्होकडे (रेडिओच्या हुकमावर थ्रॉटलचा हात हलवणारी छोटी मोटर) वळते, कारण माझं निम्मं रडगाणं तिथेच होतं.

बाल्सादादा, बॅरल गोल असल्यामुळे उघडताना सारखं उघडत नाही. पहिल्या थोड्याशा फिरण्यात बहुतेक हवा मोकळी होते. स्टिक अर्ध्यावर आणली की जवळजवळ सगळा जोर आलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्यात काहीच वाढत नाही. मग उतरताना स्टिक केसभर हलली तरी विमान उड्या मारतं. रेडिओत थ्रॉटल कर्व्ह (स्टिक किती हलली की थ्रॉटल किती उघडायचा ते ठरवायची सोय) असेल तर मधला बिंदू ५० वरून ३०-३५ वर आणा. नसेल तर सर्व्होचा हात सरळ न लावता थोडा तिरका लावा, म्हणजे खालच्या टोकाला पुशरॉड हळू सरकतो आणि वरच्या टोकाला भरभर.

दुसरं, ट्रिम (स्टिकजवळची बारीक जुळवणीची कळ). थ्रॉटल खाली आणि ट्रिम वर असताना आयडल, आणि ट्रिमही खाली केल्यावर बॅरल पूर्ण मिटून इंजिन बंद झालं पाहिजे. कार्बवरचा आयडल-स्टॉप स्क्रू त्यासाठी मागे घ्यावा लागतो, नाहीतर तो बॅरलला अडवतो आणि सर्व्हो गूं-गूं करत बॅटरी पीत बसतो. टोकाला सर्व्हो गुणगुणला की समजा प्रवास जास्त दिलाय. रेडिओत तो कमी करा.

तिसरं, आणि हे खरंच महत्त्वाचं. फेलसेफ. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरला सिग्नल तुटला तर थ्रॉटल कुठे जाईल ते आपण ठरवायचं असतं. काही सेट जिथे आहे तिथेच धरून ठेवतात. म्हणजे फुल थ्रॉटलचं बेवारस विमान! आयडलवर किंवा पूर्ण बंदवर ठेवा आणि विमान बांधून ठेवून, ट्रान्समीटर बंद करून बघा. ते बघितल्याशिवाय उडवू नका.

कल्याण आलं. बाकी रात्री.

डिझेलकाका
गुरुवार, सकाळी ९:३०

ताई, ठाकुर्लीची माणसं गर्दीत एका पायावर उभी राहून एवढं टाइप करतात, मग आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी काय करायचं? जुन्या रेडिओंच्या काळातली एक भर घालतो. थ्रॉटलच्या टोकाला धातूवर धातू घासला की रेडिओत खरखर यायची आणि सर्व्हो नाचायचे. म्हणून इंजिनाकडचं क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाचा जोड) नायलॉनचं. आता तो त्रास गेला, सवय राहिली.

पाऊण_सीसी
गुरुवार, दुपारी १:१५

अवांतर : मेथनॉल मुंबईत आणता कुठून? एका दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “कशाला पाहिजे?”

एरंडेल
गुरुवार, दुपारी २:२०

त्याने विचारलं ते बरोबरच केलं. २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती मेथनॉलनेच. महाराष्ट्रात ते विषाच्या नियमांखाली येतं, विकणाऱ्याला परवाना आणि नोंद लागते. ओळखीच्या, परवानाधारक विक्रेत्याकडून, पावतीसह, लागेल तेवढंच घ्या. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा. थंड पेयाच्या बाटलीत कधीही, कधीही भरू नका. कातडीतूनही शोषलं जातं, म्हणून हातमोजे. दिवसा त्याची ज्योत दिसत नाही, तेव्हा सांडलेलं पुसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. लोकलमधून न्यायला तर बंदीच आहे. मी विमान लोकलने नेतो आणि इंधन मित्राच्या गाडीतून येतं.

आणि मुंबईकरांसाठी खास : मेथनॉल हवेतलं पाणी पितं. पावसाळ्यात अर्धवट भरलेला कॅन महिनाभर सैल बुचाने ठेवलात तर दिवाळीनंतर कुठल्याही स्क्रूने आयडल लागणार नाही. छोटे, काठोकाठ भरलेले, घट्ट बुचाचे डबे करा. निम्म्या ‘कार्ब खराब झाला’ तक्रारी मला जुन्या इंधनाच्या निघाल्यात.

नायट्रोबाबा
गुरुवार, दुपारी ३:००

हे मात्र शंभर टक्के. मी एकदा पूर्ण दिवस प्लग बदलत बसलो होतो, दोष डब्यात होता.

बाल्सा_बोरिवली
रविवार, रात्री ९:१०

आज परत त्याच खाचरांत गेलो होतो.

मधल्या दोन दिवसांत : ओ-रिंग बदलली (फिटरसाहेब, खरंच मधोमध चिरलेली होती), टाकी स्पंजात गुंडाळून सेंटिमीटरभर खाली घेतली, निप्पलमधला स्क्रू काढून प्रेशरची नळी दिली, कर्व्ह ३५ केला, फेलसेफ आयडलवर लावून तपासला.

सकाळी साडेसातला पोचलो तेव्हा धुकं होतं आणि हवा गार. गाळ्यात संध्याकाळी लावलेली नीडल इथे लीन वाटली, चिमटीला आवाज चढेचना. दोन टिचक्या बाहेर काढल्यावर ठीक. नाक वर करून बघितलं, आवाज जरासुद्धा बसला नाही.

पहिल्या उड्डाणात उंचावर नेऊन मुद्दाम आयडलला आणलं, मनात वीस मोजले, थ्रॉटल दिला. घेतला! परत आयडल, परत दिला, परत घेतला. मग खाली आणलं आणि त्याच बांधाच्या अलीकडे मुद्दाम थ्रॉटल देऊन वर काढलं. ती म्हशीवाली पोरं होती. एकाने शिट्टी मारली.

एकूण चार उड्डाणं. चौथ्यात, ऊन चढल्यावर, उतरताना आयडलला बंद पडलं, पण तेव्हा चाकं जवळजवळ जमिनीला लागली होती. उन्हात एअर-ब्लीडला परत हात लावायचा का? की मोठी नीडल सकाळी बाहेर काढलेली, ती परत आत घ्यायला विसरलो हेच कारण?

एरंडेल
रविवार, रात्री ९:३५

तुम्हीच उत्तर दिलंत. गरम, विरळ हवेत तीच नीडल रिच होते. आधी मोठी आत, दोन टिचक्या. एअर-ब्लीडला बोट लावू नका, तो सुखात आहे. अभिनंदन!

आणि आता इंधन टाकीत ठेवून झोपू नका. टाकी रिकामी करा, क्लिप लावून उरलंसुरलं जाळून टाका, कार्बच्या तोंडातून हलक्या तेलाचे चार-पाच थेंब सोडा आणि प्रॉप हाताने दहा-बारा वेळा फिरवा. आपल्या दमट हवेत मेथनॉलने ओढलेलं पाणी बेअरिंग आणि क्रँक आठवडाभरात तांबूस करतं.

बाल्सा_बोरिवली
रविवार, रात्री ९:४१

विमान अजून गाडीच्या डिकीत आहे. खाली जाऊन येतो.